देवपूरचा मुका सबवूफर

मित्रांनो, मी एक जुना सबवूफर आहे. नाव इंग्रजी असलं तरी जन्म पक्का धुळ्याचा. गाण्यातली बासरी, टाळ्या, गाणारीची मुरकी हे सगळं बाकीच्या स्पीकरांकडे. माझ्याकडे फक्त एक जाडजूड धम्म. पण त्या एका धम्मवर मी वीस-पंचवीस वर्षं घर गाजवलं, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

पाच कंदील चौकाजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात अमीनचाचांनी मला घडवलं. जाड प्लायवूड कापून माझं अंग केलं, वर काळं रेक्झीन ताणून बसवलं, पोटात दहा इंची स्पीकर कसला. पाठीला दोन क्लिपा लावल्या, एक लाल आणि एक काळी. हवा खेळायला मागे गोल भोक ठेवलं. विजेची वायर मात्र मला दिली नाही, कारण माझ्यात स्वतःची ताकदच नाही. ॲम्प्लिफायरने मागून जोर दिला तरच मी बोलतो. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या घरात ती कुणाला ठाऊकच नव्हती.

घर धुळ्याच्याच देवपूर भागातलं, रुपचंद आबांचं. आबांनी तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी काढली आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. शेजारी बसून ओरडलं तरी त्यांना कळत नाही. पण वहीगायनाची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या डफावरच्या गाण्यांची, कॅसेट लागली की आबा पाट घेऊन माझ्याजवळ बसायचे, माझ्या डोक्यावर पंजा ठेवायचे आणि डफ हाताने ऐकायचे. ठोका हुकला तर तोही बरोबर पकडायचे. "हाऊ डफवाला घाई करस," म्हणायचे, आणि सगळी खोली हसायची.

मग दोन वर्षांपूर्वी वीज एकदम जोरात आली आणि माझा ॲम्प्लिफायर जळाला. मी मुका झालो. माझ्यावर ज्वारीचा डबा आला, डब्यावर शिवणाचं सामान आलं. उंदीर शिरतील म्हणून ताईबाई आजीने माझ्या भोकात जुन्या लुगड्याचं फडकं कोंबलं. ते सगळं मी सोसलं असतं. पण आबा पुढच्या खोलीत यायचे बंद झाले. जेवणाचं ताटसुद्धा मागच्या पडवीत न्यायचे. नात सुलक्षणा बोलवायला गेली की हात हलवून सांगायचे, "माले काही आयकू येत नही. तुम्ही बसा." सुलक्षणा दहावीत आहे, बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण तिथून ती गप्प परत यायची.

गेल्या शुक्रवारी तिचे पप्पा, म्हणजे प्रेमराजभाऊ, जळगावहून नवा होम थिएटर रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना वाजवणारं यंत्र, घेऊन आले. काळा, चकचकीत, समोर निळी अक्षरं. सुलक्षणाने आधी त्याची पाठ पाहिली. तिथे एका गोल खाचेजवळ 'सबवूफर' असं लिहिलेलं होतं. ती धावत माझ्याकडे आली आणि ज्वारीचा डबा तिने एका झटक्यात उतरवला. अहाहा, काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

"पप्पा, हा चालला तर आबा पुढे येतील," ती म्हणाली.

पण त्या गोल खाचेत पिन लागते आणि माझ्याकडे तर क्लिपा. तिने एका पिनेच्या वायरचं दुसरं टोक कापलं, आतल्या दोन तारा सोलल्या आणि माझ्या क्लिपांत अडकवल्या. गाणं लागलं. मी जीव एकवटून वाट पाहिली. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

"तुला जमत नाही. बाजूला हो, मी जोडतो," प्रेमराजभाऊ म्हणाले. त्यांनी मला डाव्या स्पीकरच्याच तारांना जोडलं आणि आवाज वाढवला. मी एकदा धम्म केलं, दुसऱ्यांदा धम्म करणार तेवढ्यात रिसीव्हरमध्ये टक् झालं. गाणं बंद पडलं. निळ्या अक्षरांत 'प्रोटेक्ट' असा शब्द आला आणि सगळं विझलं.

प्रेमराजभाऊंनी बटण दोनदा दाबून पाहिलं.

"गया," प्रेमराजभाऊ हळूच म्हणाले. "पहिल्याच दिवशी गेला."

"जोडलं कोणी?" सुलक्षणाने विचारलं.

"मी जोडलं, पण जाळला या डब्याने. रविवारी भंगारवाला आला की याला आधी देऊन टाक."

दारातून आजीने कधीपासूनचं गाऱ्हाणं परत ऐकवलं, "मी कधळनी सांगी ऱ्हायनू, बठ्ठं घर भंगारनं दुकान व्हयी गयं."

मित्रांनो, भंगारात माझ्यासारख्याचं काय होतं ते मला माहीत आहे. चुंबकासाठी पोट फोडतात आणि लाकूड चुलीत जातं.

शनिवारी शाळा सुटल्यावर सुलक्षणाने मला अमीनचाचांच्या दुकानात न्यायला रिक्षात घातलं. मांडीवर मी, पायाशी रिसीव्हर. रिक्षावाला म्हणाला, "ताई, यांचंही तिकीट लागेल." ती हसली नाही. अमीनचाचा आता घरीच असतात, दुकान त्यांची मुलगी सबीहा चालवते. तिने मला टेबलावर आडवं केलं, फडकं ओढून काढलं, मागोमाग मूठभर शेंगांची टरफलं काढली.

"उंदरांनी लग्न लावलं होतं वाटतं इथे," ती म्हणाली. मग तिने खणातून एक साधा पेन्सिल सेल काढला, दोन तारांनी माझ्या क्लिपांना टेकवला.

धप्प.

माझा कागदी पडदा बाहेर उडी मारून आला. सुलक्षणाने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"अगं, हा मेला नाहीये," सबीहा म्हणाली, "उपाशी आहे. त्या गोल खाचेतून नुसता निरोप येतो बघ, काय वाजवायचं त्याचा. जोर येत नाही. मधे ॲम्प लागतो."

"आणि सबीहाताई, रिसीव्हर? तो तर मेला ना?"

"तुझ्या पप्पांनी एका बैलाच्या जुवाला दोन गाड्या बांधल्या. बैल शहाणा, मरायच्या आधीच खाली बसला." तिने रिसीव्हरच्या सगळ्या तारा सोडवल्या, थोडा वेळ थांबून त्याला वीज दिली. निळी अक्षरं परत आली. सुलक्षणा तिथेच स्टुलावर बसली.

सबीहाने फळीवरून पत्र्याच्या पेटीतला एक ॲम्प काढून दिला. अमीनचाचांच्याच हातचा. "हा इथे नुसता धूळ खातोय. घेऊन जा. पण आवाज बेताने वाढव, दोघंही म्हातारे आहेत."

संध्याकाळी सुलक्षणाने एकटीने जोडणी केली. रिसीव्हरच्या गोल खाचेतून पिन ॲम्पमध्ये, ॲम्पमधून दोन तारा माझ्या लाल-काळ्या क्लिपांत. मग तिने रिसीव्हरच्या सेटिंगची यादी उघडली. तिथे लिहिलं होतं, 'सबवूफर : नाही'. तिने बटण दाबून 'आहे' केलं. मित्रांनो, दोन वर्षांत कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.

तिने मोबाईलवर वहीगायन लावलं. डफ पडला. निरोप आला, जोर आला, आणि मी बोललो. फरशी थरथरली. आजीच्या हातातली चाळणी थांबली. प्रेमराजभाऊ माझ्याकडे पाहतच राहिले, मग लेकीला म्हणाले, "मी चुकीचं जोडलं होतं गं."

पडवीचं दार लोटलं गेलं. आबा उभे होते, अनवाणी. त्यांना गाणं ऐकू आलं नव्हतं, जमीन कळली होती. पाट ओढला, बसले, माझ्या डोक्यावर पंजा ठेवला. डफाचे काही ठोके हाताने ऐकले. मग सुलक्षणाकडे पाहून म्हणाले, "हाऊ बेस वाजाडस." मग आजीकडे वळले आणि समोरची जमीन थोपटली. "मनं ताट आठेच आन."

मित्रांनो, मला उपदेश फारसा जमत नाही, धम्मच जमतो. पण एवढं सांगतो. घरातलं कुणी गप्प झालं, वस्तू असो की माणूस, तर लगेच बिघडलं म्हणून कोपऱ्यात सारू नका. त्याच्यापर्यंत काय पोचायचं थांबलंय, ते आधी शोधा. सापडलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारा. सुलक्षणा विचारायला गेली, तेवढ्याने मी वाचलो.

आज रविवार. सकाळीच गल्लीत भंगारवाल्याची हाक आली. प्रेमराजभाऊंनी खिडकीतून हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं. आबांना ती हाक ऐकू आली नाही, ते चहा पीत माझ्याशेजारी बसले होते. मला मात्र आली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, ती हाक ऐकून माझा पडदा भीतीने थरथरला नाही.