भरती आहे

भारतात पाहण्यासारखी शहरं दोनच, विशाखापट्टणम आणि रत्नागिरी, असा निकाल निवृत्त मुख्याध्यापक सिताराम गुरुजींनी ताडकळसच्या आपल्या ओसरीवर बसून दिला. समुद्रकाठचं तिसरं शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ही दोन्ही गेल्या पंधरवड्यातली, मुलाच्या नोकरीमागं फिरताना पाहिलेली.

"डोंगर दोन्हीकडं हाय. पण विशाखापट्टणमला समुद्र रस्त्यापर्यंत येतो. रत्नागिरी वर, समुद्र खाली. त्याच्याकडं आपणच उतरून जावं लागतं."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा मोबाइल पाहिला.

"येलदरीच्या धरणाएवढं पाणी आसंल का?" शेजारच्या रेणुकाबाईंनी विचारलं.

"येलदरीला पलीकडचा काठ दिसतो, बाई."

गुरुजींच्या पत्नी सगुणाबाई पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. परवा सकाळी मुलानं, सुगतनं, रत्नागिरीहून मेसेज केला होता, 'भरती आहे. खाली चाललोय. नंतर बोलतो.' तेव्हापासून त्याचा फोन बंद होता. सगुणाबाईंच्या लेखी त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. ताडकळसात भरती एकाच प्रकारची असते. तिच्यासाठी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात.

गुरुजींनी मात्र दुसरी पाहिली होती. रत्नागिरीच्या खडकावर पाटी होती, 'भरतीच्या वेळी खाली उतरू नये.' ती वाचून सुगत हसला होता. "बाबा, हितं तर भरतीला येऊच नका म्हणायलेत." विशाखापट्टणमला नौदलाच्या मोजणीत चौथ्यांदा छाती कमी भरली, त्यानंतर तो पहिल्यांदाच हसत होता. मग बराच वेळ पाण्याकडं बघत उभा राहिला. गुरुजींना ते बघणं आवडलं नव्हतं. तरी तो "दोन दिस थांबतो" म्हणाला, आणि ते एकटेच गाडीत बसले.

"पेढा घ्या की. लेकराचं काम झालं, आन तुमी तोंड पाडून बसलाव."

"दात दुखायलाय."

"कोणता?"

गुरुजींना ठरवायला वेळ लागला.

"मास्तर," रेणुकाबाई दुसरा पेढा उचलत म्हणाल्या, "साहेब झाल्यावर वळखंल का वो सुगत आमाला?"

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. गुरुजी अंगणात गेले, ओसरीकडं पाठ केली आणि मग फोन उचलला. पलीकडं नुसता वारा होता.

"सुगत तुमचा कोण हो?" एका परक्या माणसानं विचारलं.

"मुलगा," म्हणेपर्यंत गुरुजी लिंबाच्या बुंध्याशी खाली बसले होते.

"थांबा. देतो त्याच्याकडे."

"बाबा, मोबाइल पाण्यात पडला," सुगत म्हणाला. "तुमचा नंबर आठवायला दोन दिस लागले."

"खाली कशाला उतरलास? पाटी वाचली नव्हती का?" गुरुजी ओरडले.

"त्या पाटीचं काय आता? खाली बंदरावर बर्फाचा कारखाना हाय. तिथं भरती होती."

ओसरीवर सगुणाबाई ताट धरून उभ्याच राहिल्या होत्या. गुरुजींनी तिकडं एकदा पाहिलं.

"मग?"

"एकच जागा होती, बाबा. मी पोचायच्या आदीच भरली."