सत्यभामाचं चाक

"मौसी, इसका पंखा किधर है?"

शाळेच्या रांगेतल्या पहिल्याच पोरीने विचारलं आणि सत्यभामाला हसू आलं. त्या पोरीचा काही दोष नव्हता. संग्रहालय सुरू झालं तेव्हा कारकुनाने पाटीसाठी 'पनचक्की' असं लिहून दिलं होतं. पेंटरला वाटलं, घाईत कारकुनाचा एक 'व' राहिला. त्याने मोठ्या मनाने तो भरून काढला आणि पाण्याच्या चाकाची पवनचक्की करून टाकली. हिंदी मुलखातलं नवं राज्य, नवी राजधानी, सगळीच धांदल. पाटी बदलायची कुणालाच सवड झाली नाही. सत्यभामाने त्या 'व'वर किती वेळा चिकटपट्टी लावली, पण पोरं ती नखाने खरवडून काढत.

"पंखा नहीं है बेटा. ये हवा से नहीं, पानी से चलता है."

"तो चलाओ ना."

खालचं पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोटर जळून महिना होत आला होता. चाक कोरडंठाक उभं होतं. तरी सत्यभामाने पदर खोचला आणि नुसत्या हातवाऱ्यांनी चाक फिरवून दाखवलं. पाणी वरच्या पन्हळीतून येतं, चाकाच्या खणांत भरतं, त्या वजनाने चाक फिरतं. चाकाचा आस लांबलचक, त्याला खुंट्या. खुंटी आली की मुसळ उचललं जातं, खुंटी सरकली की मुसळ धाडकन खाली पडतं आणि खाणीतला दगड फुटतो. आसाच्या दुसऱ्या टोकाला दगडी जातं, त्यात पीठ पडतं. शिवाय खाणीत साचलेलं पाणी उपसायलाही असंच चाक लावत. पाण्यानेच पाणी काढायचं, ही गोष्ट तिला स्वतःला भारी आवडायची आणि ती सांगताना तिचा आवाज थोडा चढायचा.

हे सगळं संग्रहालयाच्या साहेबांनी लिहून दिलेलं. पण त्यात एक भर तिची स्वतःची होती. भंडाऱ्याकडच्या माहेरी ती आईबरोबर ढेंकीवर उभी राहून, पायाने मुसळ उचलत धान कांडायची. म्हणून ती शेवटी म्हणायची, "सोचो, इस चक्के ने कितनी औरतों के पाँव बचाए होंगे." शहरातली पोरं जांभया देत. खेड्यातून आलेल्या बाया मात्र मुसळाला हात लावून म्हणत, "अई, ये तो ढेंकी आय!" असं कुणी म्हटलं की सत्यभामाचा तो दिवस चांगला जायचा.

रांग पुढे गेली आणि साहेब आले. तरुण, सौम्य माणूस. सत्यभामाला ते दीदी म्हणत.

"दीदी, सोमवार को ये चक्का निकल जाएगा. फर्श खराब हो रहा है. यहाँ बड़ी स्क्रीन लगेगी. उसमें चक्का भी दिखेगा, दिनभर चलेगा."

"और पानी?"

"पानी भी दिखेगा."

सत्यभामाने मान डोलावली. पाणी दिसेल, हे खरंच होतं. नोकरीला धक्का नव्हता, पडदा पुसायलाही माणूस लागतोच. पण दुपारभर तिचं मन कशात लागेना. हिरालालने हे चाक अजून पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. आता उद्याचा रविवार तेवढा राहिला होता.

हिरालाल म्हणजे तिचा नवरा. शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका रोलिंग मिलमध्ये त्याची उमर गेली आणि उमरीबरोबर कानही गेले. निवृत्त झाला तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. घरात सत्यभामा त्याच्याशी ओरडून बोलायची, त्यामुळे आज त्यांच्याकडे वांगी आहेत की भेंडी हे सगळ्या पाऱ्याला, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला कळायचं. यंत्र आणलं, पण कानात नुसती शिट्टी वाजते म्हणून त्याने ते डब्यात घालून ठेवलं.

तेही चाललं असतं. पण एका लग्नात कुणीतरी त्याला विचारलं, "जेवण झालं काय?" आणि त्याला वाटलं, आईबद्दल विचारतायत. त्याने गंभीरपणे सांगितलं, "मागच्या साली वारली." पंगतच्या पंगत हसली. तोही हसला, पण त्या दिवसापासून त्याने माणसांत जाणं सोडलं. सकाळी बुद्धवंदना, मग अंगणातली झाडं, मग पेपर. सत्यभामाला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. हसऱ्या तोंडाचा माणूस होता तो.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा विषय काढला.

"उद्या चला ना जी माह्यासंग! सोमवारी काढून टाकून राहिले!"

"काय काढून राहिले?"

"चाक! माह्यं चाक!"

शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. हिरालालने पेपर घडी केला. "मी काय करू तिथं? कोणी काही विचारलं तं मी भलतंच सांगतो. तुह्यी बी शोभा होते लोकायत."

"माह्यी काहून होईन शोभा?" ती म्हणाली, पण हळू म्हणाली. त्याला काही ऐकू गेलं नाही.

मुलगी चेतना भाकरी शेकत होती. ती मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "मम्मी, छोड़ो ना. पापा नहीं जाएँगे."

सत्यभामाने छोड़ो केलं नाही. रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली आणि डबा घरी विसरली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी विसरली नव्हती.

संग्रहालयात पोचल्यावर तिने भैय्यालालला गाठलं. बागेचं पाणी तोच बघायचा. "भैय्यालाल, टाकी बादलीने भरायची आहे," असं तिने हिंदीत सांगितल्यावर त्याने एकदा टाकीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. स्टुलावर चढून बादल्या ओतायचं काम कुणाला आवडणार? पण तो म्हणाला, "हव दीदी, पानी लानत हंव." नळ होता अंगणात. टाकी भरेपर्यंत दोघांच्याही कंबरेचे काटे ढिले झाले.

मग तिने घरी फोन केला.

"चेतना, डबा राह्यला. बाबाच्या हातानं पाठव."

"आपने जानबूझकर छोड़ा ना?"

"शुगरची गोळी खाल्ली मी. जेवण नाही भेटलं तं मले चक्कर येते म्हणून सांग त्यायले."

दुपारी हिरालाल आला. इस्त्रीचा शर्ट, पायांत सणावारीच्या चपला, डब्याची पिशवी छातीशी धरलेली. दारातल्या रखवालदाराने काही विचारलं, तर याने उत्तर देण्याऐवजी पिशवीच वर करून दाखवली. सत्यभामा धावत पुढे गेली.

"जेव पह्यले," तो म्हणाला. त्याचा आवाज दालनभर घुमला. दोन-चार लोकांनी वळून पाहिलं, तसा तो वरमला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "डबा विसरली नाही तू. पिशवीत घालून, गाठ मारून, खुंटीवर टांगून कोणी विसरते काय?"

ती हसली. त्याचा हात धरून तिने त्याला चाकापाशी नेलं, मुसळांच्या लाकडी चौकटीजवळच्या बाकावर बसवलं आणि भैय्यालालला खूण केली. त्याने टाकीची तोटी सोडली.

आधी नुसतं पाणी पडलं. खण भरले, चाक कुरकुरलं, अडखळलं आणि मग फिरायला लागलं. खुंटी आली, पहिलं मुसळ उचललं आणि पडलं. मग दुसरं. मग तिसरं. दालनातली माणसं जमली. हिरालाल मान तिरपी करून बघत होता. आधाराला म्हणून त्याने चौकटीवर हात टेकला आणि एकदम तिच्याकडे पाहिलं.

"हे वाजून राह्यलं का?"

तिने मान डोलावली.

त्याने दुसराही तळवा लाकडावर ठेवला. मुसळ पडलं की त्याच्या पापण्या लवत. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं काहीतरी आलं.

सवयीने तिने सुरुवात केली, "ये पुराने जमाने का..." आणि ती थांबली. ज्याला सांगायचं त्याला हिंदी काय आणि मराठी काय, सारखंच. पण तिला आपल्या भाषेतच सांगावंसं वाटलं.

"हे पाहा जी," ती म्हणाली. तिने आवाज मुळीच चढवला नाही. "पाणी वरून येते. खणात भरते. मंग हे मुसळ वर जाते. आपली ढेंकी नव्हती काय, तसंच. ढेंकीले पाय लागत होते. माह्या मायचे पाय तं रातभर ठणकत. इथं पाणीच पाय मारते. अन् खाणीत पाणी साचलं, तं हेच चाक ते पाणी काढते. पाण्यानंच पाणी."

इतकी वर्षं ती हे परक्यांना सांगत आली होती. आज पहिल्यांदा घरच्या माणसाला सांगत होती आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे, तिच्या हातांकडे बघत होता. दोन्ही तळवे लाकडावर तसेच.

टाकी लहान. पाण्याची धार बारीक झाली, चाक मंदावलं, एक मुसळ अर्धवट वर जाऊन थांबलं. सत्यभामाही बोलायची थांबली. लोक पांगायला लागले.

हिरालाल उठला, भैय्यालालच्या हातातली रिकामी बादली त्याने घेतली आणि अंगणातल्या नळाकडे निघाला. दारात पोचल्यावर तो वळला आणि मिलमध्ये बोलायचा तशा खणखणीत आवाजात भरल्या दालनात म्हणाला,

"काहून थांबली वो? सांग ना. मी पाणी आणून राह्यलो."