दारावरचं 'अहो'

मास्तरांनी घरातल्या दारांवर लाकडी शब्द लावायला सुरुवात केली ती कंडक्टरच्या एका चेष्टेवरून. मास्तरांची बायको न्हाणीघर शोधता शोधता जिना उतरून थेट रस्त्यावर गेली होती. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरनं तिला हात धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं, आणि मास्तरांचा चेहरा बघून त्याला काहीतरी बोलणं भाग पडलं. "मास्तर, आमच्या गाडीला पाटी असायची, म्हणून लोक बरोबर चढायचे. तुमच्या घराला पाटीच नाही, तर वहिनींनी काय करायचं?"

मास्तर हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्लायवूडचा तुकडा काढला आणि त्यावर पेन्सिलीनं 'न्हाणीघर' असं लिहिलं.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत लाकूडकाम शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली रिकामी करून तिथं त्यांनी एक स्क्रोल सॉ बसवला होता. शिवणयंत्राच्या आकाराची ही नक्षीची करवत. तिचं पातं दोऱ्यासारखं बारीक, जागच्या जागी उभं, वरखाली नाचणारं. खोली एवढी लहान की दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं दारात उभं राहायचं. भिंतीवर खिळ्यांना पाती टांगलेली, जाडीप्रमाणे. खिडकीच्या कट्ट्यावर पॉलिश पेपरचे तुकडे, डब्यात पेन्सिलींची थोटकं, आणि सगळ्यावर भुशाचा पातळ थर. बायकोची बुद्धी ठिकाणावर होती तेव्हा ती म्हणायची, की या घरात मीठ सोडून सगळ्यात भुसा आहे.

कंडक्टर रोज दहा वाजता शिकायला म्हणून येई आणि स्टुलावर बसून गप्पा मारी. वर्षभरात त्यानं एक हत्ती कापला होता, तोही बघणाऱ्याला डुक्कर वाटे. मास्तर मात्र त्याला न कंटाळता तेच तेच सांगत. पात्याचे दात खाली हवेत. पातं ताणून बसवलं की बोटानं छेडून बघायचं, तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज बसका असला तर पातं भरकटणार. कापायच्या आधी लाकडावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे कड जळत नाही. आतले कोरीव भाग आधी कापायचे, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर हातात धरायला काही उरत नाही. आणि मुख्य म्हणजे लाकूड ढकलायचं नाही. "फिरवायचं," मास्तर म्हणत. "ढकललंत की पातं वाकतं, रेघ सुटते, आणि तुटतं ते वळणावरच." शाळेतल्या पोरांच्या कामावर नुसती नजर टाकून ते सांगायचे, इथं ढकललंय. घरीसुद्धा तीच सवय. पोळीची कड फाटली तरी म्हणायचे, लाटणं ढकललंस. बायको म्हणायची, "अहो, मी काय तुमच्या सहावी ब मधली आहे?"

'न्हाणीघर' सोपं गेलं. सगळी अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली, एकसंध पट्टी. घोटाळा झाला 'स्वयंपाकघर' कापताना. शब्द सुटून हातात आला, आणि य वरचा अनुस्वार गायब. बरोबरच होतं, त्या टिंबाला कशाचाच आधार नव्हता. चौतीस वर्षं शिकवलेल्या मास्तरांनी पोराटोरांसारखी चूक केली होती. दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून भुसा चाळत राहिले. शेवटी कंडक्टर म्हणाला, "राहू द्या हो. बोलताना तरी कोण त्याला तिकीट देतं?"

तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या तळहातावर ते टिंब होतं, हरभऱ्याएवढं. घरंगळत बाहेर गेलं असणार.

"अहो," ती म्हणाली, "हे तुमचं पडलं होतं वाटतं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. टिंबासाठी नव्हे. 'अहो' साठी.

कारण त्या एका शब्दावर सगळं येऊन ठेपलं होतं. आई रस्त्यावर गेल्याचं कळल्यावर लेक दुसऱ्या गावाहून धावत आली होती. तिनं आरडाओरडा केला नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. तिनं एक संस्था बघून ठेवली होती. तिथं अशा बायकांना सांभाळतात, वेळेवर भरवतात, दाराला कुलूप असतं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की ती मला ओळखते तोवर ती इथंच राहील. लेक म्हणाली, "ठीक आहे बाबा. पण ज्या दिवशी ओळखायची थांबेल, त्या दिवशी तुम्हीच मला सांगायचं. लपवायचं नाही." मास्तरांनी शब्द दिला.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बायकोला विचारलं होतं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? बायको खाली बघून हसली आणि गप्प राहिली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुली मारली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठलेच. त्यांनी बजावून सांगितलं, की हिनं लग्नापासून आजतागायत माझं नाव घेतलेलं नाही, समोर 'अहो' आणि मागे 'हे', तेव्हा ही फुली खोडा. डॉक्टरीणबाईंनी फुलीशेजारी प्रश्नचिन्ह काढलं. त्यात मास्तरांना जिंकल्यासारखं वाटलं होतं.

नाव विसरली असेल, असं ते स्वतःला समजावत, पण 'अहो' विसरलेली नाही. दिवसातून पाच-सहा वेळा ती कार्यशाळेच्या दारात यायची. करवत घरघरत असायची, कानांवर आवाज बसलेला, पण तिचे ओठ हललेले दिसले की त्यांना ते ऐकू यायचंच. अहो, चहा ठेवू का. अहो, दार लावून घेऊ का. चहा कधीच व्हायचा नाही. गॅसची चावी मास्तरांनी काढून ठेवली होती. पण 'अहो' मिळालं की तो दिवस पार पडे.

एकच काळजी होती. ती जेवत नव्हती. ताट वाढलं की समोर घेऊन बसायची, घास चिवडायची, बाजूला सारायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या होत्या. मास्तरांनी मऊ भात करून बघितला, गोड करून बघितलं, भरवायला गेले तर तिनं पदर सावरला आणि मान वळवली. भूक मेली असेल, असं त्यांनी धरलं.

सगळ्या दारांना शब्द झाले. राहिलं फक्त कार्यशाळेचं दार. त्यावर काय लावायचं? कंडक्टर म्हणाला, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लावा. मास्तरांना मात्र ठाऊक होतं. त्यांनी सागाची एक जुनी फळी जपून ठेवली होती, तिच्यावर त्यांनी दोन अक्षरं लिहिली. अहो. त्या दारामागे 'अहो' असतो, हे तिनं वाचावं आणि यावं.

शुक्रवारी सकाळी ते कापायला बसले. कंडक्टर बँकेत गेला होता. ह च्या आतल्या वळणाशी आल्यावर साग जरा कडक लागला, आणि रविवारी लेक येणार होती, त्याआधी पुरं व्हावं म्हणून मास्तरांनी नकळत जोर दिला. टण्णकन पातं तुटलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला.

"अहो, आलात? बसा ना, चहा ठेवते."

'हो' जरा लांबवलेला, शेवटी किंचित वर गेलेला. तोच सूर. मास्तर 'आलो' म्हणणार होते. पण बाहेरून वेगळ्याच माणसाचा आवाज आला. विजेचं मीटर वाचणारा होता. म्हणाला, नको मावशी, आकडा घेतो आणि निघतो. त्यावर ती म्हणाली, "अहो, उन्हाचे आलात, पाणी तरी घ्या."

मास्तर तुटकं पातं बोटांत धरून बसून राहिले.

त्या दिवशी त्यांनी करवत पुन्हा लावली नाही. नुसते ऐकत बसले. दूधवाला आला: अहो, उद्या जरा लवकर या. कंडक्टर आला: अहो, आत आहेत ते, जा ना. कुरिअरवाला चुकून वरच्या मजल्याचं पाकीट घेऊन आला, त्यालाही अहो. कुणालाच कमी नाही, कुणालाच जास्त नाही. सहा महिने करवतीच्या घरघरीत त्यांना फक्त स्वतःच्या वाट्याचा 'अहो' दिसत होता. आणि मग त्यांना ते टिंब आठवलं. हे तुमचं पडलं होतं वाटतं. रस्त्यात कुणाचा रुमाल पडला, तर आपण असंच तर बोलतो.

दुखण्यालाही तो नियम ठाऊक होता. आतलं आधी कापायचं, बाहेरची कड शेवटी. बाहेरून ती अजून एकसंध दिसत होती, एवढंच.

तरी माणसाचं मन चिवट असतं. मास्तरांनी स्वतःशी घातलेली अट जरा सैल केली. सगळ्यांना म्हणेना का अहो, मला म्हणताना मनात वेगळं काही असेल. संध्याकाळी दिवे लागले तशी ती रोजच्यासारखी कोपऱ्यात हात जोडून बसली. तिची ही प्रार्थना एक दिवस चुकलेली मास्तरांना आठवत नव्हती. ताप असला तरी ती उठून बसायची. शब्द पुटपुटलेले, मास्तरांनी कधी कान देऊन ऐकले नव्हते. आज ते जवळ जाऊन बसले. देवाचं नाव झालं, लेकीचं झालं. मग ती म्हणाली, "आणि ह्यांना सुखरूप घरी आण. आज फार उशीर झाला रे."

तिनं डोळे उघडले. मास्तर समोरच होते, हातभर अंतरावर.

"तुम्ही थांबलात का अजून?" ती अदबीनं म्हणाली. "हे येतीलच. शाळेत कधी कधी अडकतात."

मास्तरांनी ताट वाढलं. तिनं ते बाजूला सारलं, आणि त्यांनी प्रथमच विचारलं, का गं जेवत नाहीस?

"ह्यांच्याआधी कशी जेवू?" ती म्हणाली. आणि मग परक्या माणसापुढं जास्त बोलल्यासारखं वाटून तिनं पदर सावरला.

ती उपाशी राहत होती ती त्यांच्यासाठी. आणि ते समोर बसून तिला उपाशी ठेवत होते. आपण घरात आहोत म्हणून ती घरी राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्याच घरात ती रोज त्यांच्या वाटेकडे डोळे लावून वाळत चालली होती.

शनिवारी त्यांनी नवं पातं लावलं, छेडून आवाज बघितला, आणि 'अहो' पुरं केलं. का केलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अर्धवट काम टाकून द्यायची सवय नव्हती, एवढंच. ह च्या पोटात जिथं पातं तुटलं होतं तिथं एक बारीक खाच राहिली. पॉलिश पेपरनं घासूनही ती गेली नाही. पाटी दाराला ठोकली.

रविवारी लेक आली. कंडक्टरही वर आला होता, स्टुलावर बसला होता, आणि त्या दिवशी एकही विनोद करत नव्हता. त्यालाही बहुधा केव्हाचंच कळलेलं होतं. लेक आईला हाताला धरून एकेक दार दाखवत, वाचून घेत कार्यशाळेपर्यंत आली. आईनं शेवटची पाटी वाचली. "अहो," ती मोठ्यानं म्हणाली, आणि दारात उभ्या मास्तरांकडे बघून गोड हसली.

लेकीचे डोळे भरून आले. तिनं दोन्ही हातांनी आईचा दंड धरला. "ओळखते की हो बाबा. मी उगाच घाई करत होते. त्या लोकांना मी आजच नको म्हणून कळवते."

काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. कंडक्टर जमिनीकडे बघत होता. मास्तरांनी बायकोचा तो दंड बघितला, लेकीच्या मुठीत सहज मावलेला.

"ती सगळ्यांनाच म्हणते," ते म्हणाले.

लेकीला पहिल्यांदा कळलं नाही.

"अहो. सगळ्यांनाच म्हणते ती. मला ओळखत नाही. माझी वाट बघत जेवत नाही." "तू कळव त्यांना. हिला घेऊन येतोय म्हणून."

लेकीनं त्यांच्या खांद्यावरचा भुसा झटकला, पुन्हा झटकला, तिथं काही उरलं नसतानाही. मग फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. कंडक्टर उठून तिच्यामागे निघाला, जाता जाता मास्तरांच्या पाठीवर हात ठेवायला गेला, आणि न ठेवताच गेला.

दारात ती दोघंच उरली. बायको पाटीवरून बोट फिरवत होती. अ च्या वळणावरून, ह च्या पोटातून, मात्रेच्या बारीक टोकापर्यंत.

"छान केलंय हो तुम्ही," ती म्हणाली. "हे आले की दाखवते त्यांना. त्यांना लाकडातलं कळतं."

मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतील ते?"

ती वाकली. डोळे बारीक करून तिनं पाटी नीट निरखली. तिचं बोट ह च्या पोटातल्या त्या खाचेशी येऊन थांबलं.

"म्हणतील," ती म्हणाली, "इथं ढकललंय."

मास्तरांनी मान हलवली. ढकललंच होतं.