काम चालू आहे

"पुढचं नाव सांगा," जॉयस म्हणाली. अनुदानातून नेमलेली ही बाई यादी करत होती.

व्हर्ना स्टाहोवियाकने खोक्यावरची धूळ बाहीने पुसली आणि ती पुटपुटली. "रनीटा बॉग्ज. मार्च, दोन हजार चार."

"ऐकू नाही आलं."

व्हर्नाने नाव पुन्हा सांगितलं.

ओहायोतल्या त्या शहरात, पोलिस ठाण्याच्या तळघरातल्या मुद्देमालाच्या खोलीत ती सव्वीस वर्षं कारकून होती. अत्याचार झालेल्या बायकांच्या अंगावरून दवाखान्यात घेतलेले नमुने खोक्यांत सीलबंद होऊन येत. ती नोंद करी आणि फळीवर ठेवी. प्रयोगशाळेसाठी पैसे नाहीत, असं वरून सांगत. असे अकराशे खोके साठले. आता वॉशिंग्टनहून अनुदान आलं होतं आणि एकेक खोका खाली उतरत होता.

रनीटाला व्हर्नाने कधी पाहिलं नव्हतं. पण दर मार्चमध्ये तिचा फोन येई. "माझ्या तपासणीचं काही कळलं का हो?" पहिल्या वेळी व्हर्नाने सार्जंटला विचारलं. तो म्हणाला, "काम चालू आहे म्हणून सांग. उगाच खोलात जाऊ नकोस." तिने तसं सांगितलं. पुढे तिला कुणाला विचारावंही लागलं नाही. अकरा वर्षं ती तेच सांगत राहिली, तेही गोड आवाजात. मग फोन थांबले, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

ऑक्टोबरात रनीटाच्या खोक्याचा प्रयोगशाळेतून अहवाल आला. नमुना तुरुंगातल्या एका माणसाशी जुळला. रनीटानंतर त्याने आणखी दोघींना गाठलं होतं.

खोक्याच्या सीलवर रनीटाने तेव्हा केलेली सही ओळखून द्यायला जॉयस तिला तळघरात घेऊन आली. पन्नाशीची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटपून तशीच आलेली.

"सही ओळखली असेल तर इथे लिहून द्या, बाई," व्हर्ना म्हणाली.

रनीटाचं पेन थांबलं. "फोनवर तुम्हीच असायचात ना?"

नाही म्हणता आलं असतं. जॉयसला काहीच ठाऊक नव्हतं.

"हो. मीच."

"खोका कुठे होता तेव्हा?"

व्हर्नाने खुर्चीमागची फळी दाखवली.

"कधी उठून बघितलंत?"

"नाही. बघायची गरज नव्हती. तो तिथेच आहे, हे मला ठाऊक होतं."

जॉयसने मान खाली घातली.

"शेवटी शेवटी आई रोज विचारायची," रनीटा म्हणाली. "मी सांगायचे, मम्मा, तिथे एक भली बाई आहे, काम चालू आहे म्हणते. त्याच भरवशावर गेली ती."

"माझं चुकलं," व्हर्ना म्हणाली. मान वर करून म्हणायचं होतं, पण ते टेबलाकडे बघतच म्हटलं गेलं.

सावकाश, अक्षर न् अक्षर काढत रनीटाने नाव लिहिलं, कोट चढवला आणि ती निघाली.

तळघराचं लोखंडी दार जड होतं. व्हर्ना लगबगीने पुढे झाली आणि तिने ते उघडून धरलं. रनीटा जागची हलली नाही. तिची नजर दारावरच्या व्हर्नाच्या हातावर होती. थोड्या वेळाने व्हर्नाला कळलं. तिने हात काढून घेतला आणि ती बाजूला झाली.

दार बंद झालं. मग रनीटाने खांदा लावून ते स्वतः उघडलं.