साक्षीदाराच्या शब्दांत

गीतांजली बेलापूरच्या कोर्टात लघुलेखक म्हणून लागली तेव्हा रोज बोलणी खायची. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश त्याचं नीट वाक्य करून सांगणार आणि हिने ते टाइप करायचं. पण बोटं मागे पडायची आणि वकील घड्याळाकडे बघायचे. खारघरला घरी आल्यावर ती टीव्हीवरच्या चर्चा उतरवून काढत बसे. नवरा आशुतोष हसायचा. त्या लोकांचं कोणी ऐकत नाही आणि तू लिहून घेतेस, म्हणायचा.

पण हात बसला. पुढे पुढे तर वाक्य कानावर पडायच्या आत पडद्यावर उमटतंय असं वाटे. एक दिवस न्यायाधीश मध्येच सांगायचे थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही थेट साक्षीदाराच्या शब्दांतच घ्या." त्या संध्याकाळी ती स्टेशनवरून घरी चालत गेली. रिक्षात बसून तो आनंद लवकर संपवावा असं तिला वाटेना.

त्याच वर्षी दिवाळे गावच्या धोंडूबाईची साक्ष आली. ही मासळी विकणारी बाई. तिच्या मुलाला, निकेशला, तिच्या डोळ्यांदेखत डंपरने उडवलं होतं. सरकारी वकिलांनी विचारल्यावर तिने आरोपी ड्रायव्हरकडे बोट करून सांगितलं, यानंच. मग आरोपीचा वकील उलटतपासाला उठला. अंतर किती होतं, ऊन कुठल्या बाजूने होतं, असं विचारत राहिला. धोंडूबाई थकली. वकील पुढचा कागद शोधत असताना ती स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटली, "तोंड नाय दिसला मना त्याचा."

वर पंखे घरघरत होते. वकिलाने ऐकलं नाही, न्यायाधीशांनीही नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून बसलेल्या गीतांजलीने ऐकलं, आणि ऐकलं हे लक्षात येईपर्यंत बोटांनी ते उमटवलंही होतं.

न्यायाधीशांनी समोरच्या पडद्यावर वाचलं. त्यांनी बाईंना विचारलं, असं म्हणालात का? धोंडूबाई हो म्हणाली. साक्ष वाचून दाखवल्यावर तिने अंगठाही दिला.

त्या एका वाक्यावर ड्रायव्हर सुटला. निकालपत्र न्यायाधीशांनी गीतांजलीलाच उतरवून घ्यायला सांगितलं, त्यामुळे ते वाक्य तिला पुन्हा एकदा टाइप करावं लागलं. कोर्टातून उठताना न्यायाधीश म्हणाले की तुमच्यासारखं काम फार कमी लोक करतात. तिने मान हलवली.

निकाल ऐकून धोंडूबाई फाटकाजवळ रस्त्याकडे तोंड करून बसली होती. गीतांजली जवळ गेली. काय बोलावं ते ठरलं नव्हतं.

"मावशी, मी तुम्ही बोललात तेवढंच लिहिलं."

"म्हाईत हाय मना," धोंडूबाई म्हणाली. रागावलेली दिसत नव्हती. "जसा बोललू तसाच लिवलास. पन पोरी, तवा तुजा हात जरा थांबला असता तं?"

उत्तराची धोंडूबाईने वाट पाहिली नाही. पदर खोचून ती गावाच्या वाटेला लागली.

पावसाळ्यानंतर गीतांजली वरच्या श्रेणीची परीक्षा पास झाली. आशुतोषने पेढे आणले, शेजारच्या अरुणाताईंना दिले, तिला कोर्टात वाटायला वेगळा डबा भरला. सकाळी तो डबा ओट्यावरच ठेवून ती कोर्टात गेली. पहिलाच साक्षीदार हळू आवाजात बोलणारा निघाला. गीतांजलीने खुर्ची पिंजऱ्याजवळ सरकवली.