शनिवारी आखडणारा हात

डॉक्टर अग्निया पावलोव्हनाच्या मनोविश्लेषणाच्या शास्त्रात एक नियम फार कडक होता. रोग्याने कोचावर आडवं पडून मनात येईल ते बोलायचं आणि डॉक्टरने त्याच्या डोक्यामागे, नजरेआड बसून तोंड मिटून ऐकायचं. मॉस्कोत लोक या उद्योगाला हसायचे. क्रांतीनंतर देशोधडीला लागून तेच लोक बर्लिनला आले आणि तिच्या दाराशी रांग लावू लागले. नाही कसे लावणार? घरदार गेलेलं, झोप उडालेली.

इनोकेंती साव्विच द्रोज्दोव त्यांतलाच. इथल्या रशियन वर्तमानपत्राच्या छापखान्यात तो शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. आठवडाभर बोटं भराभर चालत, शनिवारी मात्र उजवा हात लाकडासारखा आखडायचा. मालक त्याला काढायच्या बेतात होता. बाईंनी चार महिने खपून निदान केलं: लहानपणी बाप शनिवारी चाबकानं फोडायचा, त्याची धास्ती. निदान इतकं सुबक, की त्यावर तिनं निबंधही लिहायला घेतला. या विद्वानांचं हे असंच, कुठंही उकरा, बाप सापडतोच!

त्या बुधवारी दुपारी द्रोज्दोव कोचावर पडल्या पडल्याच भडकला.

"बाप गेला खड्ड्यात, अग्निया पावलोव्हना! किती उकराल त्या बिचाऱ्याला? माझा हात आखडतो तो एका जाहिरातीपायी. दर शनिवारी तीच जुळवायला माझ्या वाट्याला येते."

बाईंनी पेन्सिलीनं वहीत टिपून घेतलं.

"तोन्या कोर्साक, वय एकोणीस. नोवोरोसिस्क बंदराच्या धक्क्यावर शेवटची दिसली. बहीण वाट पाहते आहे. उत्तरासाठी पेटी क्रमांक चौदा."

अग्नियाच्या हातातली पेन्सिल गळून पडली. वर्तमानपत्राकडची चौदा नंबरची टपालपेटी तिचीच. कोर्साक हे तिचं माहेरचं नाव. धाकट्या बहिणीसाठी चार वर्षं ती जाहिरात देत होती. दार वाजलं की अजूनही आधी तोन्याच मनात यायची.

"शेवटची मीच पाहिली तिला," द्रोज्दोव छताकडे बघत म्हणाला. "शेवटची बोट लागलेली, गर्दी ही एवढी! पोरगी रांगेत माझ्या पुढे. एकदम कपाळावर हात मारून म्हणते, 'काका, माझा बोटीचा पास धरा, नंबर राखा. ताईच्या टिपणांच्या वह्या खोलीवर राहिल्या. तिनं कॉन्स्टँटिनोपलहून पत्रात बजावलंय, वह्या घेतल्याशिवाय येऊ नकोस.' ताई म्हणे वेड्यांची डॉक्टर. गेली पळत."

"मग?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच नियम मोडला होता.

"मग काय! माझ्याकडे पास नव्हता आणि हातात तिचा होता. चढलो. शिडी वर घेतली तेव्हा ती आली. गाठोडं डोक्यावर उंच धरून मला दाखवत होती, हसत होती. वह्या मिळाल्या म्हणून हसत होती हो! मी खाली वाकलो, लपलो. दुसऱ्या दिवशी गाव बोल्शेविकांच्या हाती पडलं. पुढचं मला ठाऊक नाही." तो कुशीवर वळला. "मी तर हरामखोरच. पण ती बहीण? पोरीपेक्षा वह्या मोठ्या वाटल्या तिला?"

बाईंना जीव नकोसा झाला. गप्प बसली असती तर त्याला कधी कळलंही नसतं. तिचं शास्त्र तिला गप्पच राहायला सांगत होतं.

ती उठली. धडपडत पुढे आली आणि कोचाच्या कडेला, त्याला दिसेल अशी बसली. चार महिन्यांत त्यानं तिचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"ते पत्र मी लिहिलं होतं, इनोकेंती साव्विच. तोन्या माझी बहीण."

तो ताडकन उठून बसला. ती मारेल असं वाटून त्यानं हात चेहऱ्यापुढे धरला. पण तिच्या अंगात मारायचंही बळ उरलं नव्हतं.

हात खाली घेत त्यानं खालच्या मानेनं विचारलं, "येत्या शनिवारी... जाहिरात लावायची की काढायची?"

"लावा," ती म्हणाली. "तुमच्याच हातानं लावा. फक्त शेवटी एक ओळ वाढवा."

"कोणती?"

"वह्या नकोत, तू ये."