फरदडीच्या कापसाची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. परभणीतल्या एका भाड्याच्या खोलीत, लोखंडी पलंगावर माझा मुक्काम असतो. उशीचं काम काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण चार महिने मला तेवढंही काम मिळालं नाही. त्या दिवसांची हकिकत आज सांगते.

माझा जन्म जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावचा. परमेश्वर आणि बबिता या नवरा-बायकोचं तिथं दीड एकर रान आहे. एका वर्षी चांगला कापूस बाजारात गेला आणि शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा कापूस घरात उरला. त्याला कोणी विचारीना, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. पिंजाऱ्यानं मला असं पिंजून काढलं की आठवलं तरी अंग शहारतं. मग बबितानं जुन्या हिरव्या साडीची खोळ शिवली आणि कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे चार टाके घातले. ते टाके वाकडे आहेत, पण मला आवडतात.

दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, कोयते आणि मी. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राही. दिवसभर ऊस तोडून बबिता आली, भाकरी खाल्ली, की तिचं डोकं माझ्यावर टेकायचं आणि दोन श्वासांत ती गाढ झोपायची. टोळीतल्या बाया मला दाबून बघत आणि म्हणत, "बबिता, तुझी उशी लय मऊ हाय गं!" मी फुगून जाई. कापसाला फुगायला फार लागत नाही. अशी दहा वर्षं गेली. त्या झोपेत माझाही वाटा होता, असं मी अजून मानते.

गेल्या दिवाळीनंतर मात्र माझी वाट बदलली. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी बारावीला, परभणीत खोली करून राहणारी. तिला डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा द्यायची होती. निघताना बबितानं मला तिच्या पिशवीत कोंबलं.

"आई, तुला गं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"मला दुसरी हाय. तुला डोक्याचं काम, डोकं नीट ठिवायला पायजे."

मी परभणीला आले तेव्हा मनात म्हटलं, आता लेकीची सेवा. पण लेक झोपेचीच वैरी निघाली. तिनं आईला बजावून ठेवलं होतं, तू उठलीस की मला फोन करून उठव. बबिता तर फडात जायला पहाटे साडेतीनला उठणारी! बरोबर त्या वेळी फोन वाजायचा. "उठलीस का बाई?" की ही ताडकन उभी. आणि आदल्या रात्री एकपर्यंत जागी. डोळे मिटू लागले की बादलीत गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायची. वर थर्मासमधला चहा. जी अडीच तास झोप घ्यायची तीही टेबलावर, जाडजूड पुस्तकावर डोकं ठेवून. उशीवर डोकं टेकलं तर जाग येणार नाही, ही तिला भीती. मी हाताच्या अंतरावर असायचे. मला त्या पुस्तकाचा इतका राग यायचा! हळूहळू माझ्यावर वह्यांचा ढीग जमला. मित्रांनो, घरात माणूस असून आपण कोणाचे नाही असं वाटणं फार वाईट. मला बोरीची आठवण येई, कोपीतल्या त्या तेलकट केसांच्या वासाची आठवण येई. सांगणार कोणाला?

खोलीतली दुसरी मुलगी, अपेक्षा, दहाला दिवा मालवून निवांत झोपायची. ती म्हणायची, "अगं, जरा पड की. डोळे बघ कशे झालेत." ज्ञानेश्वरी म्हणायची, "माझे मायबाप तिकडं ऊस तोडायलेत अन् मी इकडं उशीवर पडू?"

मग क्लासमधल्या मोठ्या सराव परीक्षेचा निकाल आला. खरी परीक्षा अडीच महिन्यांवर होती. ज्ञानेश्वरी दुपारी खोलीवर आली ती भिंतीसारखी पांढरी होऊन. एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर तिनं बत्तिसाव्याच्या गोलात भरलं होतं आणि तिथून खाली सगळी उत्तरं एकेक घर सरकली होती. उत्तरं येत होती, सगळी येत होती, आणि सगळी चुकली. तिनं वह्या ढकलून दिल्या आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. चार महिन्यांनी तिनं मला जवळ घेतलं, ते असं. मला आनंद झाला आणि त्याची लाजही वाटली.

संध्याकाळी तिनं आईला फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तू साडेतीनला उठतीस म्हणून मीबी उठते. तरी न्हाई जमलं, आई."

पलीकडे बबिताचा आवाज चढला. "माझं उठणं तेवढं दिसलं व्हय तुला? निजणं न्हाई दिसलं? आठला दिवा मालवला की आमी मेल्यावानी निजताव. तुझ्या बापाच्या नडगीवर वण कशाचा हाय? रातभर उसाची गाडी भरली, अन् न निजता फडात गेले. कोयता उसावर न्हाई, पायावर बसला. तवापसून टोळीचा मुकादम झोप न झालेल्याच्या हातात कोयता देत न्हाई. अन् तू तसल्याच हातानं पेपर लिहितीस?"

ज्ञानेश्वरी माझ्या कोपऱ्यावरचे लाल टाके बोटानं चाचपू लागली.

"उशी तरी घेतीस का न्हाई?"

"...न्हाई."

"मग धाडून दे माघारी. मी पोत्यावर निजायलेय."

दुसरी उशी नव्हतीच, मित्रांनो. कधीच नव्हती.

ज्ञानेश्वरीनं मला माघारी धाडलं नाही, त्याच रात्री डोक्याखाली घेतलं. त्या दिवसापासून साडेतीनचा फोन बंद झाला. आता तो आठ वाजता येतो, कोपीतला दिवा मालवायच्या आधी, आणि बबिता एवढंच विचारते, "आज कितीला निजणार?" ज्ञानेश्वरी म्हणते, "साडेनऊला." संध्याकाळनंतर चहा नाही. मोबाइल पलंगापासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर. पहिले आठ दिवस तिला झोप येईना, नुसती कूस बदलायची. मग सवय लागली. आता सकाळी साडेपाचला उठते. खरी परीक्षा अजून व्हायची आहे आणि निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही.

पण रोज रात्री तिचं डोकं टेकलं की माझा आनंद पुरा होत नाही. दूर कुठल्या तरी फडात माझी बबिता पोत्याची घडी करून झोपली असेल, हे डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्याही घरात कोणी तरी आपली उशी तुमच्या हवाली केली असेल. ती रिकामी ठेवू नका. तिच्यावर वेळेवर डोकं टेका.